थांबलेल्या गाडीचा वारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीच्या पंख्यावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. त्याचं उत्तर सोपं आहे. मी भडगावचा. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या घरात जातो. गिरणेचं पात्र कोरडं पडतं आणि माणसं सावली बघून रस्ता ओलांडतात. अशा मुलखात पंखा हा विषय कुणालाच परका नसतो. शिवाय माझे मामू ट्रक चालवायचे. खानदेशचा कापूस आणि केळी घेऊन ते घाट चढायचे. इंजिनाचं पाणी उकळणं म्हणजे काय, हे मी शाळेत विज्ञान शिकण्याआधी त्यांच्या तोंडून शिकलो.

आता या विषयाचं निमित्त सांगतो. आमच्या गावातल्या एका शिक्षकमित्राकडे त्याच्या वडिलांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. तशी वाट पाहून घेतलेली ही गाडी. वडील गेले, गाडी राहिली. गेल्या उन्हाळ्यात चाळीसगावच्या पुढे घाटात ती दोनदा तापली. मिस्त्री म्हणाला, “सर, हा जुना पंखा काढून टाका, इलेक्ट्रिक बसवू.” घरातले म्हणाले, “बाबांच्या गाडीला हात लावायचा नाही.” मित्र माझ्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, तुम्हीच सांगा, काय करू?”

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. ही गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. इंजिन एकदा जास्त तापून त्याचं हेड वाकलं, तर दुसरं मिळवायला भंगारबाजार पालथे घालावे लागतात. नाही मिळालं, तर गाडी अंगणात उभी राहते आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. म्हणून मी मित्राला म्हटलं, पंखा निवडायचा असेल तर आधी पंख्याचा इतिहास समजून घेऊ.

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण चौथा ते तिसरा हिस्सा शक्तीच चाकांच्या कामी येते. जवळपास तेवढीच उष्णता धुरातून जाते आणि तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. ते पूर्ण जोरात चालू असेल तेव्हा पाण्यातून बाहेर काढायची उष्णता घरातल्या तीन किलोवॅटच्या दहा गिझरांइतकी भरते. दहा गिझर एका लहानशा बॉनेटखाली! ती उष्णता रेडिएटरच्या नळ्यांतून हवेला द्यायची असते. गाडी वेगात असेल तर समोरचा वाराच ते काम करतो. चालणाऱ्या माणसाच्या अंगाला वारा आपसूक लागतो, विंझणा लागतो तो बसलेल्याला. गाडीचंही तसंच. पंखा हा थांबलेल्या किंवा हळू चालणाऱ्या गाडीचा वारा आहे, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

याचं ओळखीचं उदाहरण आपल्या रस्त्यांवरच होतं. बुलेटचं इंजिन उघडं असतं, त्याला समोरून वारा लागतो, म्हणून त्याला पंखा नसतो. 1972 पासून आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतक स्कूटरचं इंजिन मात्र बाजूच्या डब्यात झाकलेलं. त्याच्यापर्यंत वारा पोचत नाही. म्हणून त्याच्या फ्लायव्हीललाच पाती काढलेली होती. चाक फिरलं की तीच पाती सिलिंडरवर हवा फेकायची. चेतकवर आपल्या कितीतरी पिढ्या दूध, भाजी, पोरंबाळं घेऊन फिरल्या. बाजूच्या डब्यात एक पंखा राबतो आहे याची फारशी कुणाला कल्पनाही नव्हती.

मोटारीच्या रेडिएटरमागे पंखा स्थिरावला त्याला सव्वाशे वर्षं होत आली. जर्मनीतल्या डाइमलर कारखान्यात विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने 1900-01 मध्ये पहिली मर्सिडीझ गाडी घडवली. तोवर गाड्यांना पुष्कळ पाणी बरोबर न्यावं लागे. मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, 8,070 बारीक नळ्यांचा. हवा नळ्यांतून जायची आणि पाणी नळ्यांभोवती खेळायचं. पाण्याची गरज एकदम कमी झाली. हळू चालताना हवा कमी पडू नये म्हणून त्यामागे एक लहान पंखा ठेवला. आजच्या गाडीतही रेडिएटर आणि पंखा याच नात्याने उभे आहेत.

1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पहिल्या काही गाड्यांनंतर पाण्याचा पंपसुद्धा काढून टाकला होता. आपल्याकडच्या न्हाणीघरातल्या बंबासारखं गरम पाणी आपोआप वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरायचं. पंखा मात्र पट्ट्यावर फिरत राहिला. पंपाशिवाय भागलं, पंख्याशिवाय भागलं नाही.

आता आपल्या पद्मिनीकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या आणि ट्रक जोडले गेले. मग इटलीतल्या तुरिन शहराच्या फियाटशी करार झाला आणि 1954 मध्ये फियाट 1100 आली. 1964 मध्ये तिचा सुधारित नमुना निघाला. पुढे फियाटचं नाव जाऊन ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 मध्ये तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पद्मिनी. 2000 सालाच्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आणखी धावली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही मुदत संपून रस्त्यावरून उतरली.

या गाडीची शीतव्यवस्था साधी आहे. पुढे रेडिएटर, मागे पाण्याचा पंप आणि पंपाच्याच दांड्यावर पंखा. एकच पट्टा पंप, पंखा आणि डायनामो तिघांना फिरवतो. पट्टा तुटला तर तिन्ही बंद, पण डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लगेच पेटतो. जाणता ड्रायव्हर त्या दिव्याला बॅटरीपेक्षा इंजिनासाठी घाबरायचा. पंख्यात ना वायर, ना स्विच, ना फ्यूज. पन्नास वर्षांनीही तो फिरतो, याचं श्रेय या साधेपणालाच आहे.

मग आमच्याकडे ती तापते का? इथे थोडा हिशेब करू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांवर आहे असं धरा. तुरिनमध्ये उन्हाळ्यातली दुपार साधारण 30 अंशांची. फरक 60 अंशांचा. भडगावला मे महिन्यात हवा 45 अंशांची. फरक 45 अंशांचा. म्हणजे तीच गाडी, तोच रेडिएटर, तोच पंखा, पण तुरिनहून भडगावला आल्याबरोबर थंड करण्याची ताकद एक चतुर्थांशाने घटली. मुंबईत हवा दमट असली तरी पारा एवढा चढत नाही. म्हणून त्याच पट्ट्यावरच्या पंख्याने पद्मिनी टॅक्सीने दादर-परळच्या गर्दीत वर्षानुवर्षं तग धरला. पंखा वाईट नव्हताच. तो वेगळ्या हवेसाठी बेतलेला होता.

त्यात आमचा घाट. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट लागतो. इंग्रजी अमलात भिल्ल पलटणीच्या निमित्ताने खानदेशात आलेल्या जेम्स औट्रमचं नाव त्याला चिकटलं आहे. चढणीवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे वाहनांची रांग, वेग बैलगाडीचा. इंजिन मात्र पूर्ण जोर लावतंय. समोरून वारा नाही. मागून वारा असला तर तो गाडीच्याच वेगाने येतो आणि रेडिएटरला काहीच मिळत नाही. काटा लाल रेघेकडे सरकतो तो इथेच.

मामूंच्या वेळी यावर ठरलेले उपाय होते. घाटाच्या पायथ्याशी पाणी बघायचं. पुढच्या बाजूला कॅनव्हासची छागळ टांगलेली असायची. बाष्पीभवनाने त्यातलं पिण्याचं पाणी गार राहायचं. पण चढण लागली की मामू ती छागळ काढून केबिनमध्ये ठेवायचे. ती रेडिएटरसमोर लटकली की तेवढी हवा अडते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. गाडी तापली तर बॉनेट उघडून तोंड वाऱ्याकडे करून उभी करायचे आणि इंजिन एकदम बंद न करता जरा चालू ठेवायचे, म्हणजे पंखा फिरत राहतो. झाकणाला हात नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच नाही. अहिराणीत कुणी “गाडी तपनी” म्हणालं की ते म्हणायचे, “तपू दे. आपण तापायचं नाही.”

या घाटातल्या अडचणीचं मूळ पट्ट्यावरच्या पंख्याच्या स्वभावात आहे. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू फिरतो. म्हणजे गाडी गर्दीत उभी असताना, जेव्हा वाऱ्याची सर्वांत जास्त गरज, नेमका तेव्हाच तो सर्वांत कमी वारा देतो. मोठा पंखा लावावा म्हटलं तर दुसरं संकट. पंख्याची गती दुप्पट झाली की हवा दुप्पट मिळते, पण तो फिरवायला लागणारी शक्ती आठपट होते. मंद इंजिनाच्या पाचपट गतीने गाडी मोकळ्या रस्त्यावर धावते तेव्हा पंख्याची ओढ कागदावरच्या हिशेबाने सव्वाशेपट भरते. आणि तेव्हा तर त्याची गरजच नसते! समोरून वारा भरपूर असतो. नको तेव्हा राबणारा आणि हवा तेव्हा सुस्तावणारा असा हा नोकर.

त्याला शिस्त लावण्यात अभियंत्यांनी विसाव्या शतकाचा मधला काळ घालवला. कुणी पंखा आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये सिलिकॉनचं दाट तेल भरलेला क्लच बसवला. रेडिएटरमागची हवा तापली की क्लच पकडतो, गार झाली की सोडतो. अनेक ट्रकांत आणि जीपसारख्या मोठ्या गाड्यांत हा आजही दिसतो. 1960 मध्ये आलेल्या फ्रान्सच्या पेजो 404 गाडीत विजेच्या चुंबकाने पंखा जोडायची-सोडायची सोय होती. पाणी तापलं की चुंबक पंख्याला पकडे.

मग गाडीची मांडणीच बदलली. 1959 मध्ये ब्रिटिश मिनी गाडीने इंजिन आडवं बसवलं. आडव्या इंजिनाचा दांडा पुढच्या रेडिएटरकडे तोंड करत नाही, त्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवणं अवघड होतं. मिनीने त्यासाठी रेडिएटरच बाजूला नेला. पुढच्या काळातल्या गाड्यांनी रेडिएटर पुढेच ठेवला आणि पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर दिली. डिसेंबर 1983 मध्ये आपल्याकडे मारुती 800 आली ती असा पंखा घेऊन. गाडी बंद केल्यावरही बॉनेटखालून घूं आवाज येई आणि लोक दचकून बघत. पंखा पहिल्यांदाच इंजिनाच्या गतीपासून सुटला होता. गाडी उभी असो की धावती, पाणी तापलं की तो पूर्ण वेगाने फिरणार. घाटाचं आणि गर्दीचं दुखणं त्याने मुळातच सोडवलं.

म्हणजे मिस्त्री बरोबर होता का? अर्धा बरोबर होता. इलेक्ट्रिक पंखा जुन्या गाडीत बसवायचा तर आणखी काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे पंख्याला दोष देण्याआधी रेडिएटर तपासावा. आमच्या विहिरी-बोअरचं पाणी जड, क्षारांचं. वर्षानुवर्षं तेच ओतलं की नळ्यांत पांढरा थर बसतो आणि निम्मा रेडिएटर कामातून जातो. तो उघडून साफ करून घ्यावा. पुढे साधं पाणी न घालता शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट वापरावं. झाकणाची स्प्रिंग सैल असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. प्रज्वलनाची वेळ मागे पडली असेल तरी इंजिन तापतं. हे सगळं ठीक केल्यावर पुष्कळ गाड्यांना नवा पंखा लागतच नाही. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात, तो उपाय नव्हे. त्याने थंडीत इंजिन कायम गार राहतं आणि लवकर झिजतं.

दुसरी गोष्ट विजेची. बऱ्यापैकी इलेक्ट्रिक पंखा आठ-दहा अँपिअर खातो, म्हणजे दोन्ही हेडलाइट सतत लावून ठेवल्यासारखं. जुन्या गाडीचा डायनामो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. आणि पंखा लागणार तो तेव्हाच. मग सगळा भार बॅटरीवर. संध्याकाळी दिवे आणि पंखा एकत्र लावून गर्दीत अर्धा तास काढला, तर सेल्फ मारताना गाडी कुरकुरते. म्हणून मुख्य पंखा विजेचा करायचा असेल तर डायनामोच्या जागी अल्टरनेटर हवा. पंख्याला स्वतंत्र रिले आणि फ्यूज हवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे. तिथे आजचा पंखा तसाच जोडला तर तो उलटा फिरतो आणि गरम हवा पुढे ढकलत बसतो.

तिसरी गोष्ट जागेची. रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा पंखा चांगला. पुढे बसून ढकलणारा पंखा धावत्या गाडीत वाटेत उभा राहतो, मामूंच्या छागळीसारखा. मागे पंपाची पुली आड येत असेल तरच पुढे बसवावा, आणि मग तो ढकलण्यासाठीच बनवलेला घ्यावा. ओढणाऱ्या पंख्याच्या वायरी उलट्या करून भागत नाही, कारण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो. पंख्याभोवती रेडिएटरला बिलगणारं पत्र्याचं कडं असावं. ते नसेल तर पंखा मधल्याच भागातून हवा ओढतो आणि चारी कोपरे उपाशी राहतात. मूळ पंख्यालाही असं कडं करून घेतलं तर फरक पडतो. आणि पंखा रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये. हादऱ्याने नळी घासते आणि गळती लागते. चौकटीला लोखंडी पट्ट्या लावून त्यावर बसवावा.

चौथी गोष्ट स्विचची. नुसता हाताचा स्विच नको, माणूस विसरतो. पाण्याचं तापमान ओळखून 90-95 अंशांच्या दरम्यान पंखा सुरू करणारा स्विच असावा. हाताचा हवा असेल तर जोडीला असू द्यावा. अशी जोडणी बॅटरीवरून थेट असेल तर इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा बोटं सांभाळावी.

राहिला घरच्यांचा आक्षेप, बाबांच्या गाडीला हात लावायचा नाही. तो मला मोलाचा वाटतो. 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी ओलांडली आहे. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संस्थांच्या महासंघाने 2013 मध्ये एक सनद मंजूर केली. तिचं नाव तुरिन सनद. जिथे आपल्या पद्मिनीचा जन्म झाला त्याच शहराचं नाव! ती सांगते की जुनी गाडी वापरात राहावी. वापरासाठी बदल करावाच लागला तर तो मूळ बांधणीला धक्का न लावणारा आणि पुन्हा काढता येण्याजोगा असावा, आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवावा.

मला यात आपल्या जुन्या वाड्यांची रीत दिसते. वाड्यात वीज आली तेव्हा शहाण्यांनी तुळई कोरली नाही, तिच्या कडेने वायर नेली.

मित्राला मी जे सांगितलं तेच आपल्यालाही सांगतो. गाडी वर्षातून दोनदा सणासुदीला, थंडीत बाहेर काढायची असेल तर मूळ पंखा राहू द्या. रेडिएटर साफ करा, नवा पट्टा घाला, कडं करून घ्या. रोज वापरायची असेल, भर उन्हात घाट चढायचा असेल, तर अल्टरनेटरसह इलेक्ट्रिक पंखा लावा, पण एकही नवं भोक न पाडता. आणि दोन्हींच्या मधला मार्गही आहे. पट्ट्यावरचा पंखा तसाच ठेवायचा आणि पुढे एक लहान मदतनीस पंखा बसवायचा, जो घाटात आणि गर्दीतच फिरेल. एवढा लहान पंखा थोडाच वेळ चालणार असेल तर चांगली बॅटरी तो पेलते.

मित्राने हा मधला मार्ग घेतला. रेडिएटर उघडला तेव्हा त्यातून ओंजळभर पांढरा चुरा निघाला. तो साफ झाल्यावर काटा एवढा खाली आला की मदतनीस पंखा भडगावात कधी लागतच नाही. तो सुरू होतो तो औट्रम घाटात, वाहनांच्या रांगेत. वडिलांचा मूळ पंखा आपल्या जागी आहे, पट्ट्यावर फिरतो आहे, आणि त्याच्या आईला माहेरी कन्नडला जायला आता एसटीची वाट पाहावी लागत नाही.